वाचकांचे प्रश्न : पाणंदीतला काळा कुत्रा

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील भुताळी कुत्र्यांविषयी या खेपेस पाच पत्रे आली. एकाच विषयावर इतकी पत्रे एकदम येण्याचा योग विरळा, म्हणून सबंध सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे लांब होती. प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवून ती येथे संक्षेपाने छापली आहेत.

प्रश्न : शेरलॉक होम्सची बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याची कथा मी शाळेत असताना भाषांतरात वाचली आणि पुढे कित्येक रात्री दिवा मालवायला घाबरत असे. त्या कुत्र्यामागे खरोखरीची दंतकथा आहे, की सारे लेखकाच्या डोक्यातून निघाले?

दंतकथा आहे, किंबहुना एकापेक्षा अधिक आहेत. ही कादंबरी ऑगस्ट १९०१ पासून एप्रिल १९०२ पर्यंत 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची मूळ कल्पना डेव्हन परगण्याशी नाते असलेल्या बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या तरुण पत्रकार मित्राकडून मिळाली, हे कॉनन डॉयल यांनी स्वतःच नमूद केले आहे. दोघांनी मिळून डार्टमूरचा तो ओसाड, दलदलीचा माळ पायाखाली घातला होता.

या माळाच्या कडेला बकफास्टली नावाचे गाव आहे. तेथला जमीनदार रिचर्ड कॅबेल १६७७ मध्ये वारला. त्याने सैतानाला आत्मा विकला होता आणि त्याला पुरले त्या रात्री माळावरून काळ्या कुत्र्यांचा तांडा येऊन थडग्याभोवती रडत फिरला, अशी तेथली वदंता आहे. कॅबेलने पुन्हा वर येऊ नये म्हणून थडग्यावर जड शिळा ठेवली आणि वर लोखंडी गजांची एक लहानशी इमारत उभारली, असे लोक सांगतात. ती इमारत आजही उभी आहे. तिच्याभोवती ठरावीक फेऱ्या मारून आत बोट घातले, तर आतला कोणी तरी ते कुरतडतो, अशी गावातल्या मुलांची एक जुनी पैज असे.

माळाच्या पलीकडच्या अंगाला टॅव्हिस्टॉकची लेडी मेरी हॉवर्ड आहे. ही बाई खरीखुरी होऊन गेली. मोठ्या इस्टेटीची वारस होती, तिची चार लग्ने झाली आणि १६७१ मध्ये ती मरण पावली. चारही नवऱ्यांना तिने मारले असे लोकांनी ठरवून टाकले, त्याला पुरावा मात्र काही नाही. कथा अशी, की नवऱ्यांच्या हाडांच्या बग्गीत बसून ती रोज मध्यरात्री फिट्झफर्डच्या वेशीतून निघते, पुढे काळा कुत्रा धावतो आणि बग्गी ओकहॅम्प्टनच्या पडक्या किल्ल्यापर्यंत जाते. काही जण म्हणतात, बग्गी वगैरे काही नाही, तो कुत्रा म्हणजेच ती. किल्ल्याच्या कुरणातील गवताची एकच काडी खुडायची आणि पहाटेपूर्वी परत यायचे, अशी तिची शिक्षा आहे. कुरण संपेल त्या दिवशी तिची सुटका. रात्री एक काडी खुडून दिवसा वाढणारे कुरण कधी संपायचे, हा हिशेब ज्या कोणी प्रथम मांडला त्याला शिक्षा या गोष्टीची चांगली जाण असली पाहिजे.

कादंबरीतला कुत्रा शेवटी हाडामांसाचा निघतो आणि त्याच्या तोंडाभोवतीची आग म्हणजे फॉस्फरस, असे कळते. डार्टमूरवरच्या कुत्र्यांचा असा उलगडा कोणी केला नाही, आणि तेथल्या माणसांना तो नकोही असावा.

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो असता सफोकमधील ब्लाइथबरा गावचे चर्च पाहिले. त्याच्या दारावर काळे जळके व्रण आहेत. १५७७ साली एका राक्षसी काळ्या कुत्र्याने चर्चमध्ये शिरून माणसे मारली आणि हे त्याच्या पंजांचे ठसे, असे सांगण्यात आले. यात खरे किती?

तारीख खरी आहे, वादळ खरे आहे आणि मृत्यूही खरे आहेत. कुत्र्याविषयी मात्र सावकाश बोलावे लागेल.

४ ऑगस्ट १५७७ हा रविवार होता. ब्लाइथबरा आणि बंगी या दोन्ही गावांत सकाळची प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झाले. बंगी गावच्या चर्चच्या जुन्या दप्तरात, प्रार्थनेच्या वेळी वादळात घंटाघरात दोन पुरुष मेले, अशी नोंद आहे. त्या नोंदीत कुत्र्याचे नाव नाही. कुत्रा आला तो त्याच वर्षी लंडनमध्ये छापलेल्या एका चोपडीतून. ती लिहिणारा अब्राहम फ्लेमिंग हा लंडनचा लेखक होता आणि दैवी कोपाची वार्ता सांगून लोकांना पश्चात्तापाला लावणे हा त्याचा उघड हेतू होता.

ही चोपडी मात्र मन लावून वाचण्यासारखी आहे, कारण कुत्रा बाजूला ठेवून वाचली तर तीत विजेचे वर्णन अक्षरशः ठासून भरलेले आढळते. चर्चचा नोकर पन्हळ साफ करीत असताना गडगडाटाबरोबर खाली फेकला जातो, पण त्याला फारशी इजा होत नाही. घड्याळाच्या तारा आणि चाके पिळवटून तुटतात. गुडघे टेकून बसलेली दोन माणसे एका क्षणात जागच्या जागी मरतात. तिसऱ्या माणसाच्या पाठीला असा चटका बसतो की तो आगीत भाजलेल्या चामड्यासारखा, किंवा नाडी ओढल्यावर बटव्याचे तोंड आवळावे तसा आक्रसून जातो. आणि फ्लेमिंग लगेच सांगून टाकतो, की हा माणूस मेला नाही, अजून जिवंत असल्याचे समजते. हा बटवा फ्लेमिंगच्या कल्पनेतून आला असेल असे मला वाटत नाही. तो जखमी माणूस ज्याने डोळ्यांनी पाहिला, अशा कोणाच्या तरी तोंडून ही उपमा त्याच्यापर्यंत पोचली असावी.

उलट त्याच चोपडीत, ब्लाइथबरा बंगीपासून सात मैलांपेक्षा दूर नाही, असे म्हटले आहे. दोन्ही गावांमधले अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ११ मैल भरते. त्या काळी मैल सगळीकडे सारखा नव्हता हे मान्य केले, तरी हा रस्ता लेखकाने स्वतः तुडवलेला नाही अशी शंका येतेच. दोन गावांवर एकाच सकाळी वीज पडली, तर त्या दोन घटना होतात. मधून एक कुत्रा धावला, की त्यांची एकच गोष्ट होते. फ्लेमिंगला गोष्ट हवी होती.

अशा वेळी सैतान आठवणे त्या काळी स्वाभाविकच होते. २१ ऑक्टोबर १६३८ रोजी डार्टमूरवरील वाइडकम गावच्या चर्चमध्ये भर प्रार्थनेत वीज शिरली, चार माणसे मेली आणि साठेक जखमी झाली. अनेक अभ्यासकांच्या मते ती आगीच्या गोळ्याच्या रूपात दिसणारी वीज असावी. तेथेही पुढे सैतानाचीच कथा रूढ झाली. फक्त तेथे तो कुत्र्याच्या रूपात न येता घोड्यावर बसून एका जुगाऱ्याला न्यायला आला.

आता दारावरच्या व्रणांविषयी. जुन्या इंग्रजी घरांच्या आणि चर्चच्या लाकडावर असे जळके व्रण पुष्कळ ठिकाणी सापडतात. त्यांपैकी कित्येक मेणबत्तीची ज्योत लाकडाला एका जागी धरून मुद्दाम केलेले असतात, असे प्रयोगांती दिसून आले आहे. आग आणि अनिष्ट यांपासून वास्तूचे रक्षण व्हावे म्हणून लोक तसे करीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ब्लाइथबराचे व्रणही त्याच जातीचे असतील, तर सैतान दूर राहावा म्हणून केलेल्या खुणा पुढच्या पिढ्यांनी सैतानाच्याच नावावर मांडल्या, असे म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट वाटाडे सहसा सांगत नाहीत. या कुत्र्याला आज 'ब्लॅक शक' म्हणतात, पण फ्लेमिंगच्या चोपडीत ते नाव कोठेच नाही. 'शक' हे नाव छापील स्वरूपात १८५० साली 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात आले. तेथे तो नॉरफोककडचा, मध्यरात्री स्मशानांतून हिंडणारा, झिपऱ्या केसांचा आणि निखाऱ्यासारख्या डोळ्यांचा कुत्रा आहे. सैतानवाचक जुन्या इंग्रजी शब्दापासून हे नाव आले असे काही जण मानतात, तर काहींच्या मते 'झिपऱ्या' या अर्थाच्या बोलीतील शब्दाशी त्याचे नाते आहे. वाटेवरचा शक आणि चोपडीतला मारेकरी ही दोन वेगळी जनावरे पुढे एक झाली. बंगी गावाने तर त्याला आपलेसेच करून टाकले आहे: गावच्या मानचिन्हावर तो आहे, बाजारपेठेतील १९३३ सालच्या वातकुक्कुटावर कोंबड्याच्या जागी तो आहे आणि गावच्या फुटबॉल संघालाही 'काळे कुत्रे' म्हणतात.

प्रश्न : हे सगळेच कुत्रे मृत्यूची सूचना देणारे असतात का? आणि ते काळेच का, त्यांचे डोळे नेहमी बशीएवढेच का?

डोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा माग पुष्कळ मागे लागतो. पीटरबरा मठाच्या इतिवृत्तात ११२७ सालाखाली अशी नोंद आहे, की एक लोभी आणि नावडता मठाधिपती तेथे आल्यावर मठाच्या मृगवनात आणि तेथून स्टॅमफर्डपर्यंतच्या रानांत रात्री काळे शिकारी दिसू लागले. ते काळ्या घोड्यांवर आणि बोकडांवर बसलेले होते आणि त्यांचे कुत्रे काळे, विशाल डोळ्यांचे व ओंगळ होते. भिक्षूंनी रात्रभर शिंगांचे आवाज ऐकले. म्हणजे रुंद डोळ्यांचा काळा कुत्रा इंग्लंडमध्ये नऊशे वर्षे तरी टिकून आहे. नव्या मठाधिपतीविषयीचा राग भिक्षूंनी या कुत्र्यांच्या तोंडून काढला असावा, असा माझा समज आहे.

काळ्या रंगाचे कारण सरळ आहे: अंधारात दिसणाऱ्या आकृतीला दुसरा रंग कोठला असणार? पण त्यात धर्माचीही भर पडली. १५६६ साली एसेक्समधील चेम्सफर्ड येथे जादूटोण्याचा खटला चालला, त्यात बारा वर्षांच्या एका मुलीने साक्ष दिली. ती लोणी काढीत असताना काळ्या कुत्र्यासारखे काही तरी आले. त्याचे तोंड माकडासारखे आणि शेपूट आखूड होते, डोक्यावर शिंगे होती आणि गळ्यात साखळी व चांदीची शिट्टी होती. दूधघराची किल्ली दातांत धरून त्याने तिच्याकडे लोणी मागितले. वाचताना हसू येते, परंतु त्या खटल्यात ॲग्नेस वॉटरहाउस या वृद्धेला फाशी झाली, हे कळल्यावर ते ओठांवरच विरते.

आता प्रश्नाचा मुख्य भाग. मृत्यूची सूचना देणारे कुत्रे आहेत. यॉर्कशायरचा बारगेस्ट आणि लँकेशायरचा स्क्रायकर हे त्यांतले प्रसिद्ध. स्क्रायकर हे नाव त्याच्या किंकाळीवरून पडले. त्याचे दुसरे नाव 'ट्रॅश' असे आहे आणि ते चिखलातून जुने जड बूट फटफटत ओढावेत तशा त्याच्या पावलांच्या आवाजावरून पडले, असे १८६७ सालच्या लँकेशायरविषयक लोकसाहित्याच्या संग्रहात म्हटले आहे. पावसाळी रात्री मागून येणारा तो आवाज ऐकून ज्याने हे नाव ठेवले, त्याची भीती या एका शब्दात अजून ओली आहे.

परंतु सगळे कुत्रे असे नाहीत, आणि माझ्या मते बहुसंख्य तर मुळीच नाहीत. लिंकनशायरमध्ये एथेल रडकिन नावाच्या संशोधिकेने खेड्यांतील माणसांकडून अशा आठवणी गोळा केल्या आणि १९३८ साली 'फोकलोर' या नियतकालिकात छापल्या. त्यांतला कुत्रा टेबलाएवढा उंच असतो, रस्त्याच्या ठरावीक टप्प्यावर निघतो, माणसाच्या बाजूने चालतो आणि कुंपणातल्या ठरावीक भगदाडातून नाहीसा होतो; जाताना कुंपणाची पाने सळसळल्याचे ऐकू येते. तो कोणाला चावत नाही, कोणाचे काही बिघडवत नाही. स्कन्थॉर्पहून सामान घेऊन परत निघालेल्या एका बाईच्या मागे असा कुत्रा आला. पुढे वाटेत काही मजूर भेटले आणि हा कुत्रा बरोबर नसता तर आपण हिचे काय केले असते, हे त्यांचे बोलणे तिच्या कानांवर पडले. घरी पोचल्यावर तिने नवऱ्याला कुत्रा दाखवण्यासाठी हाक मारली, तोवर तो दिसेनासा झाला होता. याच धाटणीच्या कथा इतर परगण्यांतही सांगतात. सॉमरसेटमध्ये क्वांटॉक टेकड्यांवर 'गर्ट डॉग', म्हणजे बोलीत 'मोठा कुत्रा', आहे. तो सांभाळील या भरवशावर आया लेकरांना टेकडीवर खेळायला सोडीत.

डेव्हनच्या थिओ ब्राउन यांनी १९५८ साली या कथांची वर्गवारी केली. रूप पालटणारा, कुत्रा हे ज्याच्या अनेक सोंगांपैकी एक असते, असा एक प्रकार. कायम काळा कुत्राच राहणारा आणि एखाद्या जागेला किंवा घराण्याला बांधलेला, हा दुसरा. आणि वर्षातल्या ठरावीक दिवशी दिसणारा, हा तिसरा. दुसऱ्या प्रकाराची जागा कोणती, हे पाहण्यासारखे आहे: गावाची शीव, जुना पूल, फाटक, दोन्हीकडून कुंपणांनी झाकलेली पाणंद. छापील कागदावरचा कुत्रा चर्चमध्ये शिरून माणसे मारतो. पाणंदीतला कुत्रा शिवेपर्यंत सोबत करतो आणि परत फिरतो. वाचकांपर्यंत मात्र पहिलाच अधिक पोचला, कारण चोपड्या त्याच्याच खपल्या.

प्रश्न : चर्च बांधताना तेथे कुत्रा पुरीत, हे खरे का?

तशी समजूत यॉर्कशायर आणि इतरत्रही नोंदलेली आहे. नव्या स्मशानात प्रथम पुरल्या जाणाऱ्या जिवाला तेथे कायमचा पहारा करावा लागतो, असे मानत; हे काम माणसाच्या आत्म्याकडे जाऊ नये म्हणून आवाराच्या उत्तर बाजूस आधी एक काळा कुत्रा पुरायचा. त्या राखणदार कुत्र्याला 'चर्च ग्रिम' म्हणतात. समजूत होती म्हणून प्रत्येक चर्चखाली कुत्रा आहे असे मात्र नव्हे.

प्रश्न : मी आठवीत शिकते. लोकांना खरे तर काय दिसत असेल? आणि असा कुत्रा भेटलाच तर तिथले लोक काय करायचे?

पहिल्या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता येणार नाही, कारण ऐकू आलेले आणि दिसलेले यांत फरक केला पाहिजे. उत्तर इंग्लंडमध्ये रात्री आकाशातून कुत्र्यांचा तांडा भुंकत जातो असे म्हणत आणि त्याला 'गेब्रिएल रॅचेट्स' हे नाव होते. तो आवाज स्थलांतर करणाऱ्या रानहंसांचा असावा, हे बहुतेकांना पटते. अंधारात उडणाऱ्या त्यांच्या थव्याचा कलकलाट लांबून खरोखरच भुंकण्यासारखा वाटतो. पूर्व किनाऱ्यावर चोरटा माल वाहणाऱ्यांनी लोकांनी रात्री रस्त्यावर फिरकू नये म्हणून या कथा पसरवल्या, असेही म्हणतात. गोष्ट चतुर आहे, पण समुद्राचा वाराही न लागणाऱ्या परगण्यांत त्याच कथा का आहेत, याचे उत्तर तीत नाही. मला तरी धुक्यातले वासरू किंवा शेजाऱ्याचा सुटलेला कुत्रा अधिक संभवनीय वाटतो.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे : त्याला मारायचे नाही. ट्रॅशवर हात उगारला तर फटका हवेतून जातो, असे लँकेशायरमध्ये सांगत. याला एक अपवाद आहे आणि तो तुला आवडेल.

डेव्हन आणि डॉर्सेट यांच्या शिवेवर, लाइम रीजिस गावाजवळ एक शेतकरी राहत असे. त्याचे घर म्हणजे यादवी युद्धात पडलेल्या एका वाड्याचा उरलेला भाग होता. चुलाण्याच्या दोन्ही बाजूंना दोन आसने होती. रोज रात्री एकावर शेतकरी बसे आणि समोरच्यावर एक मोठा काळा कुत्रा येऊन बसे. शेजारी म्हणत, याला हाकलून का देत नाहीस? शेतकरी म्हणे, कशाला? खात नाही, पीत नाही, कोणाच्या अध्यात नाही. घरातला सर्वांत गरीब प्राणी तोच आहे. एका रात्री मात्र तो बाहेरून झिंगून आला, टोमणे मनात खदखदत होते, तेव्हा निखारे उकरायची लोखंडी सळई उचलून तो कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा जिना चढून माळ्यावर गेला आणि उडी मारून छतातून आरपार निघून गेला. शेतकऱ्याने चिडून त्या जागी सळई हाणली, तेव्हा छताचा गिलावा पडला आणि त्याबरोबर एक जुनी पेटी खाली आली. तीत पहिल्या चार्ल्स राजाच्या काळची सोन्याचांदीची नाणी होती.

त्या पैशांतून शेतकऱ्याने एक पांथस्थगृह विकत घेतले, असे कथा सांगते. 'ब्लॅक डॉग' नावाचे पांथस्थगृह तेथे पुढे दीर्घकाळ होते. कुत्रा पुन्हा घरात आला नाही. तो शेजारच्या पाणंदीत मध्यरात्री दिसू लागला आणि त्या पाणंदीला लोक 'कुत्र्याची वाट' म्हणू लागले.